लाल गोल

फोटो पाठवल्यावर ज्ञानदेवला बरं वाटलं. एक काम उरकलं. मोबाइल त्याने शर्टाच्या खिशात टाकला, चष्माही त्याच खिशात सारला आणि कंपनीच्या बसच्या काचेला डोकं टेकवून डोळे मिटले. नाशिक फाटा ओलांडला की मोशीपर्यंत बस रखडत जाते, तेवढ्यात एक डुलकी होते. इतक्या वर्षांच्या पहिल्या शिफ्टने त्याच्या शरीराला ही डुलकी पाठ झाली होती. पण खिशातला मोबाइल छातीवर थरथरला, लगेच पुन्हा थरथरला. एवढ्या सकाळी दवाखाना काही उघडत नाही, मग उत्तर कुणाचं, म्हणून त्याने पुन्हा चष्मा लावून बघितलं. समोर उत्पलाचा चेहरा होता. त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीचा चेहरा, डावी बाजू, गालावर आणि हनुवटीवर मुरूम, आणि प्रत्येक मुरुमाभोवती त्याने मघाशी बसमध्ये बसूनच बोटाने काढलेला लाल गोल. फक्त हा दवाखान्याचा नंबर नव्हता. वर ‘पेंट शॉप – पहिली शिफ्ट’ असं कंपनीतल्या ग्रुपचं नाव होतं. खाली हिंदुरावने तोच फोटो जोडून उत्तर दिलं होतं: ‘पाठवून द्या. पॉलिशनं निघंल.’ त्याच्याखाली कुणीतरी अंगठा दाखवला होता.

त्याने आपला फोटो पुसला. तो सगळ्यांकडून पुसला गेला, पण हिंदुरावच्या उत्तराला चिकटलेला फोटो तसाच राहिला. पोस्टाच्या तिकिटाएवढा, तांबूस ठिपक्यांचा, आणि खाली ते वाक्य. तो पुसणं फक्त हिंदुरावच्या हातात होतं. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते हेच. हिंदुराव पॉलिशवर काम करायचा. आज पुतण्याच्या साखरपुड्यासाठी रजेवर होता. रजेवर असलेल्या माणसाने सकाळी उठून गाडीच्या दरवाज्यांचे फोटो बघावेत कशाला? पण ह्या माणसाला ग्रुपवर गप्प बसवत नाही, हे सगळ्या शिफ्टला ठाऊक होतं. ज्ञानदेवने फोन लावला. रिंग वाजली, उचलला गेला, आणि पलीकडून मुलीचा आवाज आला, “पप्पा अंघोळीला गेलेत, काका.” ती सायली होती, हिंदुरावची मुलगी. अकरावीला उत्पलाच्याच वर्गात, तिच्या पुढच्या बाकावर. “काही नाही, काही नाही,” ज्ञानदेव म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. फोन तिच्या हातात होता. आणि त्यात तो फोटो होता.

बस मोशीच्या चौकात उभी होती. एक ट्रेलर वळत होता, त्याच्यावर नव्या कोऱ्या गाड्या बांधलेल्या होत्या, आणि सवयीने त्याची नजर पहिल्या गाडीच्या बॉनेटवर गेली. सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं, अशा उजेडात खोट लगेच दिसते. नजर आपणहून फिरली, काही सापडलं नाही, पुढच्या गाडीवर गेली. आत्ता, ह्या क्षणीसुद्धा, ह्याची त्याला चीड आली. वीस-बावीस वर्षं तो हेच करत होता. दोन्ही बाजूंना ट्यूबलाइटच्या रांगा, मधून रंग वाळलेल्या गाड्या सरकत येतात, आणि तो अंगाने थोडा वाकून उजेडाची पांढरी रेघ पत्र्यावरून कशी सरकते ते बघतो. रेघ जिथे अडखळते तिथे दाणा. दाण्याभोवती गोल. गोल दिसला की पुढचा माणूस घासतो, पॉलिश मारतो, गाडी पुढे जाते. जास्त असले तर मोबाइलवर फोटो, फोटोवर लाल गोल, ग्रुपवर. ह्यात विचार कुठेच नव्हता. डॉक्टरांना फोटो पाठवायचा म्हणून त्याने तो उघडला, आणि मुरूम नीट दिसावेत म्हणून गोल काढले. चांगल्यासाठीच. मग पाठवायला गेला तर सगळ्यात वर नेहमीचा ग्रुप होता, आणि अंगठा नेहमीच्या जागी पडला. अंगठ्याला काय कळतं? अंगठ्याला बॉनेट आणि पोरगी सारखीच. हे मनात आलं तेव्हा त्याला आपलंच भय वाटलं.

त्याची बायको जयमाला म्हणायची, “तुमच्या नजरेला पगार मिळतो ना, मग घरी आल्यावर तिला सुट्टी द्या की.” चेष्टेत म्हणायची, आणि तो हसायचा. लग्नात बसला तर मांडवाच्या खांबांवरचा ओघळलेला रंग बघायचा. विहाराला नवा रंग दिला तेव्हा वंदना चालू असताना ह्याला भिंतीवरचे बुडबुडे दिसत होते. त्या नजरेचा कुणाला त्रास नव्हता. पण गेल्या दिवाळीच्या सुमारास उत्पलाच्या चेहऱ्यावर मुरूम यायला लागले, आधी कपाळावर, मग गालांवर, लाल, ठणकणारे; आणि एकदा जेवताना त्याने तिची हनुवटी दोन बोटांत धरून तिचा चेहरा ट्यूबकडे कलता केला. उजेडाची रेघ बघायला करतो तसा. तिने मान सोडवून घेतली. “पप्पा, मी बॉनेट नाहीये.” जयमाला हसली, तोही हसला, उत्पलाही थोडी हसली असेल. पण दुसऱ्या दिवशी ती ट्यूबकडे पाठ करून बसली, आणि त्यानंतर त्याच्यासमोर आली की तिचा डावा हात गालावर असायचा. विचार करत असल्यासारखा. जेवताना, टीव्ही बघताना, दार उघडताना. बाकीच्यांसमोर नसायचा, हे त्याला उशिरा कळलं. आईसमोर नाही, शेजारच्या बायकांसमोर नाही. त्या तर हळद लाव, मुलतानी लाव, वाफ घे, तळलेलं बंद कर असं तोंडावर सांगायच्या. हात होता तो फक्त त्याच्यासाठी.

आणि तरीही फोटो तिने त्याच्याकडेच दिला होता, हीच तर गोष्ट होती. दवाखान्यात नंबर त्याचा नोंदलेला. डॉक्टर म्हणाल्या होत्या की मधूनमधून फोटो पाठवत जा, म्हणजे गोळी लागू पडतेय का ते कळेल. काल संध्याकाळी उत्पलाने स्वतःच्या मोबाइलवरून त्याला फोटो पाठवला, शेजारच्या खोलीतून, आणि मग दारात येऊन, गालावर हात ठेवून म्हणाली, “डॉक्टरांना तेवढा पाठवा. दुसऱ्या कुणाला दाखवू नका हं.” चेहरा दाखवत नव्हती, पण चेहऱ्याचा फोटो देत होती. तेवढं दार तिने किलकिलं ठेवलं होतं. ते आता लागणार. आधी हे, आणि मग डॉक्टर, गोळी, गुरुवारी ठरलेलं, मेलेली कातडी काढायचं ते पील, सगळंच नको म्हणून बसली तर? तिचा स्वभाव त्याला माहीत होता, कारण तो त्याचाच होता. एकदा नाही म्हटलं की नाही.

शॉपमध्ये शिरण्याआधी तपासणीवाले पांढरे सुती हातमोजे घालतात. पातळ, धागा न सुटणारे. डोळ्यांना चुकतं ते तळव्याला कळतं, म्हणून हात फिरवून बघायचं, आणि बोटांचा घाम पत्र्याला लागू नये म्हणून मोजे. मोजे चढवताना त्याला उत्पलाच्या कांजिण्या आठवल्या. चार वर्षांची होती. अंगभर फोड, खाज, आणि नखं कापली तरी खाजवायची. जयमालाची नोकरी नवीन होती, तिला रजा मिळेना, म्हणून तो घरी राहिला होता. त्याने कंपनीतले मोजे आणून तिच्या हातात घातले. केवढे मोठे झाले होते, बोटं नुसती लोंबत होती. मनगटाशी दोऱ्याने बांधले, तर ते हात वर करून ती घरभर नाचली, भूत आलं भूत आलं करत. दुपारी तिला थोपटता थोपटता त्याचाच डोळा लागला, आणि जागा झाला तेव्हा एक मोजा सुटून उशीखाली गेला होता आणि तिने कानापुढचा एक फोड खरवडून काढला होता. बाकीचे सगळे गेले, तो खड्डा राहिला, मसुराच्या डाळीएवढा. पुढे कित्येक दिवस ती झोपली की तो त्या खड्ड्यावर बोट ठेवायचा. मग ती मोठी झाली. ह्या गोष्टी कधी थांबतात ते लक्षात राहत नाही. लाइन सुरू झाली.

फोटोबद्दल कुणी काही बोललं नाही. चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटत होतं की सगळे बोलून झाल्यावर गप्प बसलेत. चहाच्या सुट्टीत सीलिंगवरचा, पत्र्याचे जोड बुजवणारा अनिस त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, कप दोन्ही हातांत धरून. “भाऊ, वाईट नका वाटून घेऊ,” तो हळू म्हणाला. “माझ्या बहिणीला पण होतं. औरंगाबादला होतो तेव्हा. गोळी मध्येच सोडू देऊ नका. तिने बरं वाटलं म्हणून सोडली, तर दुप्पट आलं.” ज्ञानदेव “हो हो” म्हणाला. अनिसने आणखी काही विचारलं नाही. चेष्टा केली असती तर दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. ह्या चांगुलपणाचं काय करायचं ते त्याला कळेना. म्हणजे बघितला होता. सगळ्यांनी बघितला होता.

तेवढ्यात हिंदुरावचा फोन आला. मागे स्पीकरवर गाणी चालली होती. पिंपळे गुरवच्या गावठाणातलं जुनं घर त्याचं, साखरपुडा दारातच होता.

“अरं फोन केलतास व्हय सकाळी?”

“भाऊ, तो फोटो माझ्या पोरीचा होता.”

“त्येच तर. मला काय म्हाईत राव? चष्मा न्हवता, गोल दिसलं, म्या लिवून टाकलं. मला वाटलं लाल गाडीचा दरवाजा हाय. मग सायली वराडली माझ्यावर, पप्पा ही उत्पला हाय म्हनून. तिनंच काढून टाकलं ते. आता न्हाई तितं.”

“ती काही बोलेल का उत्पलाला?”

हिंदुराव गाण्यांपासून बाजूला गेला. “न्हाई बोलायची. पोटात ठेवती ती. आन् बोलली तर बोलली, ज्ञानदेवा. पोरीच हायत्या, त्यास्नी आपल्यापरीस जास्त कळतं.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “चुकलं माझं. मनाला लावून घिऊ नको.” ज्ञानदेवने मान हलवली, जणू फोनमधून मान दिसते. सायलीला गप्प राहा म्हणून सांगावं असं एकदा मनात आलं. पण सोळा वर्षांच्या मुलीला, माझ्या मुलीला सांगू नकोस, असं सांगायचं म्हणजे आणखी एक गोल काढायचा. राहू दिलं. दवाखान्याला त्याने गोल नसलेला फोटो पाठवला. दुपारी तिकडून उत्तर आलं: बरं आहे, गुरुवारी या, पीलसाठी रात्रीचं जेल आजपासून बंद, गोळी चालू.

घरी उत्पलाने दार उघडलं. डावा हात गालावर. त्याने तिच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला, पण ती चप्पल शोधायला वाकली. “फोटो पाठवला?” तिने वाकलेलीच असताना विचारलं. “पाठवला.” “काय म्हणाल्या?” “बरं आहे म्हणाल्या. जेल आजपासून बंद.” “बरं,” ती म्हणाली आणि क्लासला गेली, स्कार्फ गुंडाळून. हे रोजच्यासारखं होतं की रोजच्यापेक्षा वेगळं? वीस वर्षं ज्या नजरेने साबुदाण्याच्या चतकोराएवढी खोट पकडली, तिला एवढं कळेना. वरची खोट दिसते. रंगाखाली काय आहे ते पत्रा कापल्याशिवाय कळत नाही. पुढचे सगळे दिवस तसेच गेले. ती जेवणानंतर मोठा पेला भरून पाणी घ्यायची, गोळी घ्यायची, लगेच आडवी व्हायची नाही, सगळं डॉक्टरांनी सांगितल्याबरहुकूम. तो पेपर वाचत असल्याचं दाखवायचा. तेरी भी चुप, मेरी भी चुप. जयमालाने एकदा विचारलं, “तुमचं दोघांचं काही झालंय का?” दोघंही एकदमच नाही म्हणाले.

ह्या दिवसांत त्याला त्याची आई पुष्कळदा आठवली. कस्तुराबाई. लहानपणी तिला देवी आलेल्या, सगळ्या चेहऱ्यावर व्रण. पिंपरीच्या चाळीत ज्ञानदेव रोज तिच्या कुशीत, तिच्या गालावर बोटं फिरवत झोपायचा. बोटांना ते खड्डे ओळखीचे होते, एकेक जागेसकट, आणि आईचा गाल असाच असतो असं त्याला वाटायचं. दुसऱ्यांच्या आयांचे गाल गुळगुळीत, म्हणजे त्यांच्यात काहीतरी कमी. दुसरीत असताना एक पोरगा म्हणाला, तुझी आई चाळणी. ह्याला खरोखरच कळलं नाही. घरी येऊन त्याने आईकडे बघितलं, ती स्टोव्हला पंप मारत होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याला ते दिसले. मग कधी दिसायचे राहिले नाहीत. तिला अग्नी दिला त्या दिवशीसुद्धा दिसले. बोटांना जे माहीत होतं ते डोळ्यांनी खाऊन टाकलं होतं, आणि पुढे त्याच डोळ्यांनी त्याला नोकरी दिली, पिंपळे गुरवला दोन खोल्या दिल्या, मुलीची फी भरली. तक्रार तरी कुणाची करायची?

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. दवाखाना पुनावळ्यात, हायवेच्या अलीकडे, खाली मोबाइलचं दुकान आणि वर डॉ. आरफा मुजावर यांची पाटी. पहिल्या भेटीत त्यांनी दोघांना बसवून सगळं नीट सांगितलं होतं. मुरूम आत तयार होतो. गोळीने आतली जळजळ शांत होते, जेलने भोकं बुजायची थांबतात, पण त्याला महिने लागतात. मध्ये मध्ये पील केलं की वरची मेलेली कातडी निघते, अडकलेलं मोकळं होतं, डागही लवकर फिके होतात. नुसतं पील करून उपयोग नाही, आतून पुन्हा येतात. दोन्ही बरोबर चालू राहिलं पाहिजे. ज्ञानदेवला हे फार पटलं होतं, त्यात कामाची रीत होती. “मग शेवटी चेहरा कधी ओके होणार, मॅडम?” त्याने विचारलं होतं. डॉक्टर हसल्या होत्या. “ओके वगैरे नसतं, दादा. ह्या वयात येतात. कमी होतील, एखादा येत राहील, जाईल. ती शाळा-कॉलेज सोडून आरशासमोर बसली नाही म्हणजे मिळवली.” तेव्हा त्याला हे उत्तर अर्धवट वाटलं होतं.

आज डॉक्टर आधी उत्पलाशी एकटीशी बोलल्या, मग आडवं करून तिचा चेहरा पुसून घेऊ लागल्या. तो बाहेर बाकावर बसला होता. आत बोलावतील असं त्याच्या मनातही नव्हतं. पण दार उघडून नर्स म्हणाली, “पप्पांना बोलावतेय ती. पंखा धरायला.” तो उठून आत गेला. उत्पला पाठीवर पडली होती, केस पट्ट्याने मागे बांधलेले, डोळ्यांवर ओला कापूस, दोन्ही हात पोटावर. गालावर हात नव्हता. डॉक्टर जाळीच्या कापडाने कपाळापासून खाली ते पाण्यासारखं औषध फिरवत होत्या; स्पिरिटचा वास येत होता. “झोंबेल आता. झोंबतंय तेवढं सांग.” “झोंबतंय,” उत्पला म्हणाली, दातांवर दात ठेवून. नर्सने छोटा पंखा त्याच्या हातात दिला. त्याने तो तिच्या तोंडासमोर धरला.

आधी तो भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर रंगाचा एक ओघळ होता, खिडकीच्या कोपऱ्यापासून बोटभर खाली आलेला. पण पंखा नीट धरायचा तर बघायलाच हवं. मग त्याने बघितलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, एवढ्या जवळून, आणि तिला बघताना दिसणार नाही अशा वेळी. औषध वाळत होतं तशी कातडी जागोजाग पांढुरकी होत होती. मुरूम होते, लाल, काही बसलेले. नजर सवयीने एकावरून दुसऱ्यावर जायला लागली, आणि तो स्वतःशीच म्हणाला, नको. कापसाखाली तिच्या भुवया आवळल्या होत्या. वरचा ओठ जयमालासारखा. नाकपुड्या फुलत होत्या, पाच वर्षांची असताना इंजेक्शन घेताना फुलायच्या तशाच. एवढं सगळं होतं इथे. हे त्याने इतके दिवस कुठे ठेवलं होतं? “पप्पा, जरा खाली,” ती म्हणाली, “हनुवटीला.” त्याने पंखा खाली धरला. तिला ठाऊक नाही, त्याला वाटलं. ठाऊक असतं तर बोलावलं नसतं. सुटलो. आणि तरी हलकं वाटेना, कारण जे तिला ठाऊक नव्हतं ते त्याला ठाऊक होतं, आणि आता आयुष्यभर त्यालाच राहणार होतं.

पील झाल्यावर दोन-तीन दिवसांत कातडी सुटायला लागली, उकडलेल्या बटाट्यावरची सुटते तशी, तोंडाच्या कडांना आणि नाकाशेजारी. डॉक्टरांनी बजावलं होतं, ओढायची नाही, आपोआप पडू द्यायची; ओढली तर डाग. उन्हात जायचं नाही, जायचं तर मलम लावून. दिवसा उत्पला हे पाळायची. रात्री झोपेत तिचा हात जायचा, आणि सकाळी एखादी जागा ओली, लाल दिसायची. जयमाला ओरडायची. “मी मुद्दाम करते का, मम्मी?” ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

पौर्णिमेला जयमाला विहारात वंदनेला गेली. उत्पला आली नाही, कातडी निघतेय म्हणून. ज्ञानदेव स्वयंपाकघरात चहा टाकत होता. बाहेर अजून उजेड होता, पण आत ट्यूब लावलेली. उत्पला आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली, त्याच्या शेजारी. दूध वर आलं.

“सायलीने मला सांगितलं,” ती म्हणाली.

त्याने गॅस बारीक केला. “कधी?”

“त्याच दिवशी. साखरपुडा सोडून वर्गात आली होती. आधी रडलीच ती. तिला वाटलं मी तिच्यावर चिडेन.”

म्हणजे दार उघडून तिने फोटो पाठवला का विचारलं तेव्हा तिला ठाऊक होतं. पंखा धरायला बोलावलं तेव्हाही. चहा उतू गेला, त्याने फडक्याने पातेलं उतरवलं, फडकं तिथेच टाकलं. “चुकून गेला, उत्पू. तुला शपथेवर सांगतो.”

“माहितीये. गेल्याचा मला राग नाही आला. म्हणजे आला, दोन दिवस. कॉलेजमध्ये रोज सगळे बघतातच की मला.” तिने ओट्यावरचा त्याचा मोबाइल घेतला, उघडला, फोटोंत गेली. पुसायचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. तो तिथेच होता, सगळ्या गोलांसकट. तिने बोटांनी मोठा केला, डावीकडे सरकवला आणि त्याच्यासमोर धरला. “हा बघा.”

त्याने चष्मा लावला. कानापुढे एक लाल गोल होता, बाकीच्यांसारखाच, नीट, दोन्ही टोकं जुळलेला. गोलाच्या आत मुरूम नव्हता. मसुराच्या डाळीएवढा खड्डा होता.

“हा कांजिण्यांचा आहे, पप्पा.”

 हात जरासुद्धा न थबकता त्याने तो गोल काढला होता. बसमध्ये, नाशिक फाट्याच्या अलीकडे. जिथे बोट ठेवून झोपायचा तिथे.

“मला दिसला नाही,” तो म्हणाला.

“दिसला म्हणूनच तर गोल काढलात.” ती रागाने म्हणाली नाही, आणि म्हणून ते जास्त लागलं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला ह्या घरात जागा नव्हती. उत्पलाने मोबाइल खाली ठेवला. “डॉक्टरांनीही विचारलं, हा कसला म्हणून. पीलने जायचा नाही म्हणाल्या, खोल आहे. दुसरं काहीतरी करावं लागेल, पुढे. मी म्हटलं, राहू द्या तो.”

तो मान खाली घालून चहा गाळू लागला. गाळणीतून चहा कपाबाहेर पडत होता. तिने गाळणी त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः गाळला. तिचा चेहरा ट्यूबच्या पुढ्यात होता, नाकाशेजारी कातडी सुटलेली, हनुवटीवर सकाळची ओली जागा, आणि तिचे दोन्ही हात कपांवर होते. बोलता बोलता तिचा एक हात हनुवटीकडे गेला. “हात नको,” तो पटकन म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर घाबरला.

“अहो मुद्दाम नाही,” ती म्हणाली. “रात्री तर कळतच नाही मला.” तिने एक घोट घेतला. मग त्याच्याकडे न बघता विचारलं, “ते तुमचे कंपनीतले पांढरे हातमोजे अजून मिळतात का?”

“मिळतात.”

“एक जोडी आणा ना. रात्री घालीन. तेव्हा मोठे झाले होते, आता मापाचे होतील.”